एक नग, जबड्यातला

आधीच सांगून ठेवते. अक्कलदाढ हा शब्द ऐकून तुमच्या ओठांवर जो विनोद आलाय, तो तिथेच राहू द्या. गेल्या महिन्याभरात तो मला सतरा जणांनी ऐकवलाय. त्यात सख्खा नवरा आहे, सख्खी लेक आहे आणि इंजेक्शन देणारी नर्ससुद्धा आहे. सतराही जणांना वाटलं की हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला. मी एकदाही हसले नाही. हसताच येत नव्हतं, आणि आलं असतं तरी हसले नसते.

तर डावीकडची, खालची, अगदी शेवटची दाढ. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी गाल जरा जड वाटला. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने पेपर खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. लग्नाला तेवीस वर्षं झालेला नवरा पेपर खाली ठेवून बघतो, म्हणजे गाल केवढा सुजला असेल याचा तुम्हीच अंदाज करा.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या काकू लवंगेचं तेल घेऊन आल्या आणि ते गालावर बाहेरून लावायचं की आतून, यावर स्वतःशीच वाद घालून परत गेल्या. तेल मात्र घेऊन गेल्या. समोरच्या दारातल्या निवृत्त मास्तरांचं म्हणणं असं की दुखत असताना दाढ कधी काढू नये, आणि दुखायची थांबल्यावर काढायचं कारणच काय. मी त्यावर दोन दिवस विचार केला. मग लक्षात आलं की मास्तरांच्या हिशेबाने जगातली कुठलीच दाढ कधी निघणार नाही. मोठ्या जाऊबाईंनी फोनवर सांगितलं की दाढ काढली की नजर जाते. त्यांच्या बत्तीसच्या बत्तीस दाढा-दात जागेवर आहेत आणि चष्म्याची काच बोटभर जाड आहे, एवढंच मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. तेव्हापासून त्यांनी अबोला धरलाय. चला, तेवढाच दाढेचा फायदा.

मी कुणाचं ऐकलं नाही, सरळ दवाखान्यात गेले. तिथे जबड्याचे मोठे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी बुधवारी येतात. त्यांनी माझा एक्स-रे उजेडावर लावला आणि बराच वेळ माझ्याशी न बोलता त्याच्याशीच बोलले. मग वळून म्हणाले की दाढ हाडात आडवी झोपलीय. मी म्हटलं, मग झोपू द्या. ते म्हणाले, तिच्याभोवती पिशवी झालीय.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दाढ हाडात तयार होते तेव्हा तिच्या डोक्याभोवती एक पातळ आवरण असतं. दाढ वर आली की त्याचं काम संपतं. माझी दाढ आलीच नाही, आवरण राहिलं, त्यात पाणी साठत गेलं आणि त्याची पिशवी झाली. ती वर्षानुवर्षं हाड पोखरत बसली आणि आता कुठून तरी जंतू शिरून तिला सूज आली. सूज आली की पिशवीच्या पेशी वाढायला लागतात. आता प्रश्न एवढाच, की त्या सूज आहे म्हणून वाढताहेत, की मुळात त्यांना वाढायचंच आहे? चिडून वाढत असतील, तर चिडवणारं कारण गेलं की गप्प बसतील. पण आपल्या मनानेच वाढत असतील, तर त्या हाड खात पुढे जातात, काढल्या तरी परत येतात आणि मग जबड्याचा तुकडाच काढावा लागतो.

मी विचारलं, बघून काय वाटतं? ते म्हणाले, बघून काहीच सांगता येत नाही. पिशवी आजच संध्याकाळी काढायची, लॅबला पाठवायची आणि सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल ते मानायचं. रिपोर्टला सहा दिवस लागतात. पुढच्या बुधवारी नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी मी इथे असेन, आणि त्यानंतर दोन महिने परदेशी. तेव्हा रिपोर्ट त्या बुधवारी माझ्या हातात हवा. वाईट निघालंच, तर त्याच दिवशी पुढचं ठरवता येईल. हाड पातळ झालंय, दोन महिने थांबायला नको.

मी ऑफिसात कुणाला घाबरत नाही आणि घरात तर नाहीच नाही. पण त्या दुपारी घरी येऊन मी आरशात माझा जबडा बघितला. डावी बाजू, उजवी बाजू. हाताने अर्धा झाकून बघितला. मग आरशाला म्हटलं, माझा जबडा आहे, बघून घेईन. आवाज जरा कमीच निघाला.

संध्याकाळी ऑपरेशन झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. करवतीचा आवाज स्वतःच्या डोक्यातून ऐकू येतो, एवढं सांगून सोडून देते. शुद्धीवर होतेच. बाहेर आले तेव्हा नर्सने नवऱ्याच्या हातात एक छोटी बरणी दिली. तिच्यात औषधी पाणी आणि पाण्यात माझी पिशवी. लॅब आपापली गाठायची, अशी तिथली पद्धत.

नवरा गुरुवारी लॅबमध्ये गेला आणि अर्ध्या तासात बरणीसकट परत आला. फॉर्मवर बाजू लिहायची राहिली होती, ती यांनी स्वतः लिहिली. मी समोर बसलेय अशी कल्पना करून लिहिली. माझी डावी म्हणजे यांच्या समोरून उजवी, म्हणून उजवी. एक्स-रे म्हणतो डावी, फॉर्म म्हणतो उजवी. लॅबवाल्याने विचारलं, ही पिशवी नक्की कुठल्या जबड्यातली? नवरा म्हणाला, आमच्या हिच्या. लॅबवाल्याने बरणी परत दिली आणि दुरुस्तीवर दवाखान्याची सही मागितली.

खरं सांगू? मी नवऱ्याला बोलले, पण लॅबवाल्याचं मला मनापासून कौतुक वाटलं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. त्याला काय माहीत, मी कुणाच्या जागी बसते ते.

सही मिळेपर्यंत शनिवारची संध्याकाळ झाली. रविवारी लॅब बंद. बरणी घरात ठेवायची कुठे, यावर तीन दिवस खल झाला. लेकीने फ्रीजवर बंदी घातली, नवऱ्याने पुस्तकांचं कपाट नाकारलं. शेवटी ती आरशाखालच्या फळीवर गेली. रविवारी काकू आल्या, बरणी उजेडात धरून बघितली आणि "एवढंसं?" म्हणाल्या. मला मेला अपमानच वाटला. सात टाके घालून काढलेली वस्तू आहे ती.

सोमवारी मी कामावर गेले. रजा होती, पण लॅब आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर, आणि नवऱ्यावर पुन्हा विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. जेवणाच्या सुटीत जायचं, बरणी द्यायची, पोचपावती घ्यायची, परत यायचं. साधं काम.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. मी ऑफिसच्या आवक-जावक कक्षाची प्रमुख आहे. आत येणाऱ्या प्रत्येक कागदाला मी क्रमांक देते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर साहेबांचा आदेश आहे का ते बघते आणि मगच क्रमांक देते. बावीस वर्षांत एक कागद हरवलेला नाही. आदेशाशिवाय एक टाचणी बाहेर गेलेली नाही. लोक मागून काय बोलतात ते मला माहीत आहे. बोलू देत.

तर गेटवर पहारेकऱ्याने माझी पर्स बघितली आणि बरणी बाहेर काढली. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी मोरी साफ करायच्या ॲसिडची बाटली आणली होती, ती फुटून तीन फायलींना भोकं पडली, आणि मग परिपत्रक निघालं: द्रवपदार्थ असलेली कोणतीही झाकणबंद बाटली अथवा बरणी आवक नोंदीशिवाय कार्यालयात आणता येणार नाही. त्या परिपत्रकाचा मसुदा कुणी केला होता, हे विचारू नका. पहारेकरी ते मला तोंडपाठ म्हणून दाखवत होता आणि माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होता. मी दिली शाबासकी. काय करणार?

मग मी वर गेले, माझं रजिस्टर उघडलं आणि माझ्या सुंदर अक्षरात नोंद केली. आवक क्रमांक चारशे बारा. विषय: कर्मचाऱ्याच्या जबड्यातील पिशवी, बरणीसह, एक नग. कोणाकडून: स्वतः. बरणीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि मला अगदी निर्धास्त वाटलं. तीन दिवस घरात नुसती पडली होती, आता तिची कुठेतरी नोंद झाली.

मला दर दोन तासांनी मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितल्या होत्या. साडेअकराला मी गुळण्या करायला गेले. गाल एवढा सुजलेला असताना गुळण्या करणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला माहीत. दहा मिनिटांनी परत आले तर टेबलावर बरणी नाही.

शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याहून दोन वर्षांनीच लहान, आणि मीच तयार केलेल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की साडेअकराचं टपाल साहेबांकडे गेलं. क्रमांक पडलेली प्रत्येक गोष्ट साडेअकराच्या टपालात गेलीच पाहिजे, हा नियम तुम्हीच घातलाय ना. मी तशीच साहेबांच्या दालनाकडे धावले. साहेब निघून गेले होते. शुक्रवारपर्यंत परगावी प्रशिक्षण. पण टपाल बघूनच गेले होते. चारशे बारावर त्यांचा शेरा होता: "भांडारात जमा करावे." बरणीकडे त्यांनी डोळे वर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. विषयात "एक नग" दिसला, आणि नग भांडारात जातो.

आणि भांडारात भांडारपाल.

या माणसाबद्दल थोडं सांगायला हवं आणि ते सांगताना माझी बाजू फार चांगली दिसणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुलीच्या बाळंतपणासाठी रजेचा अर्ज दिला होता. मी तो तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा तारीख नव्हती. दुसऱ्यांदा सही चौकटीबाहेर गेली होती. तिसऱ्यांदा शाई निळी होती. रजा मंजूर झाली तेव्हा नात रांगायला लागली होती. त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. जिन्यात भेटले तर नमस्कार करतात.

आताही त्यांनी नमस्कारच केला. बरणी त्यांच्या लोखंडी कपाटात होती, जुन्या पंख्याच्या पात्यांशेजारी, आणि साठा रजिस्टरात तिची नोंदसुद्धा झाली होती. ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "बाई, न्या की. आदेश तेवढा आणा. तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

तिथे मी गयावया करायला हवी होती. एका वाक्यात काम झालं असतं, असं आता सगळे म्हणतात. पण मी कुणापुढे वाकायची नाही. मी म्हटलं, आणते आदेश. रीतसर आणते.

जेवणाची सुटी गेली. दुपारी मी टिप्पणी लिहिली: सदर नग अनवधानाने टपालात गेल्याने परत मिळावा. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, आता रेकॉर्डवर आलंय ना, मग फाइल चालवा, विधी शाखेचा अभिप्राय घ्या, मी आल्यावर बघतो. मी आवाज चढवून सांगितलं की मला गुरुवारी दुपारी बारापर्यंत ती लॅबमध्ये द्यायची आहे. पण सुजलेल्या तोंडाने मी काय बोलले ते त्यांना कळलं की नाही देव जाणे, कारण ते "अभिनंदन" म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी फाइल विधी शाखेत गेली. बुधवारी अभिप्राय आला. तो मी जपून ठेवलाय. "सदर नग मूलतः कर्मचाऱ्याच्या शरीरातील असला, तरी आवक नोंद झाल्यापासून तो कार्यालयाच्या ताब्यात आहे. जबड्यातून आलेली वस्तू परत देण्याची तरतूद आढळून येत नाही. तरी सदर वस्तूच्या मालकीबाबत वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवावे."

एका बरणीची फाइल तीन दिवसांत सत्तावीस पानांची झाली होती. प्रत्येक टेबल तिला चिडवत होतं आणि ती वाढत होती.

घरी सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. लेक म्हणाली, आई, उचल आणि ये. काकू म्हणाल्या, मी येते आणि त्या भांडारवाल्याला बोलण्यात गुंतवते. मास्तर म्हणाले, वरिष्ठ कार्यालयात त्यांचा एक विद्यार्थी आहे, फक्त तो तिथे अजून आहे का ते बघावं लागेल. नवरा रात्री जेवताना एकदाच म्हणाला, "अगं, ती पिशवी तुझी आहे."

"माझी आहे म्हणून काय झालं? बावीस वर्षं मी लोकांना त्यांचेच कागद आदेशाशिवाय दिले नाहीत," मी म्हटलं. "आज माझ्यासाठी नियम मोडला तर उद्या त्यांना तोंड कुठलं दाखवू?"

"अर्धं तरी राहील का दाखवायला, ते बघायला हवं ना," नवरा म्हणाला. मग स्वतःच ताट ढकलून उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. फॉर्मवरच्या डाव्या-उजव्याच्या गोंधळाचं त्याच्या मनाला किती लागलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

गुरुवारी सकाळी दहाला मी भांडारात गेले. आदेश नव्हता. भांडारपाल खुर्चीवरून उठले. त्यांनी हात पुढे केला, कागद घ्यायला. माझे हात रिकामे होते.

मी बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले आणि भलतंच बोलले. "मला भीती वाटते हो," मी म्हणाले. "जबडा काढतील की काय, याची भीती वाटते. मला झोप नाही. त्या बरणीत काय आहे ते मला आज कळायलाच हवं."

ते म्हणाले, "मग चार दिवस अर्ज कसले लिहीत बसलात? हे सोमवारीच म्हणायचंत."

"आणि तुमची मुलगी दवाखान्यात होती, हे तुम्ही मला का नाही म्हणालात?"

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "तिन्ही वेळा म्हणालो होतो."

मी त्यांची माफी मागितली. बावीस वर्षांत ऑफिसात मागितलेली पहिली माफी. त्यांनी मान हलवली, किल्ल्या काढल्या, कपाट उघडलं आणि म्हणाले की मी चहाला जाऊन येतो, कुलूप लावायचं विसरलोय असं समजा.

इथे कुणीही शहाणी बाई बरणी पर्समध्ये टाकून निघाली असती. पण मला त्या क्षणी असा राग आला म्हणून सांगू. त्यांचा नाही. माझीच वस्तू मी चोरासारखी का न्यायची? मी त्यांना थांबवलं. साठा रजिस्टर उघडलं आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: एक नग, जावक. नेणार: स्वतः. कारण: माझा आहे. आदेश: माझा. खाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. भांडारपालांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कुणी न सांगता खाली "साक्षीदार" म्हणून सही ठोकली. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कशाला अडकताय? ते म्हणाले, "कधीतरी तुमच्या हाताखालून माझी सही एका फेरीत पास होऊ दे."

बरणी मी हातात धरून नेली. जिन्यातून, मधल्या हॉलमधून, सगळ्यांच्या देखत. पहारेकऱ्याने अडवलं, तेव्हा मी त्याला सांगितलं की परिपत्रक बरणी आत आणण्याबद्दल आहे, बाहेर नेण्याबद्दल त्यात अक्षर नाही. मसुदा माझाच होता, मला माहीत. अकरा वाजून दहा मिनिटांनी लॅबवाल्याने बरणी घेतली, फॉर्म तपासला आणि मला पोचपावती दिली.

शुक्रवारी साहेब आले, आणि शनिवारी दोन नोटिसा निघाल्या. एक मला, एक भांडारपालांना. कार्यालयाच्या ताब्यातील नग विनाआदेश बाहेर नेल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा आणि सदर नग तात्काळ भांडारात जमा करावा. नोटिशीला जावक क्रमांक मीच दिला. दुसरं कोण देणार?

मग पुन्हा सल्ले. सगळ्यांचा सल्ला या वेळी एकच होता, हे नवल. लिहून टाका, औषधांच्या गुंगीत होते. मास्तर म्हणाले, काकू म्हणाल्या, अबोला सोडून मोठ्या जाऊबाईंनीसुद्धा मुद्दाम फोन करून सांगितलं. इतकंच काय, साहेबांनी स्वतः दालनात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गुंगीत होतात असं लिहा, बाई. मी फाइल बंद करतो. तुमची इतकी वर्षं स्वच्छ सेवा झालीय."

"आणि भांडारपाल?" मी विचारलं.

"ते कुठे गुंगीत होते? त्यांनी थांबवायला हवं होतं."

मी ते पाणी प्यायले, आभार मानले आणि टेबलावर येऊन खुलासा लिहिला. तो असा होता: "मी पूर्ण शुद्धीत होते. भांडारपालांनी माझ्याकडे आदेश मागितला होता, तो माझ्याकडे नव्हता. त्यांची सही साक्षीची आहे. पिशवी माझ्या हाडातून काढलेली होती आणि ती काय आहे हे कळण्याचा पहिला हक्क माझा होता. पुन्हा अशी वेळ आली, तर मी पुन्हा नेईन. जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी." आवक क्रमांक दिला आणि साडेअकराच्या टपालात ठेवला. रिपोर्ट यायला अजून दोन दिवस होते. काय निघणार ते मला माहीत नव्हतं. पण त्या दोन रात्री मी झोपले.

बुधवारी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. मला वाटलं डॉक्टर मंडळींना वाचायला शिकवतच नाहीत की काय, एवढा वेळ लावला. नवऱ्याने माझा हात धरला होता, या वेळीही उजवाच, आणि दाबून दाबून दुखवला होता.

"साधी पिशवी," डॉक्टर म्हणाले. "सूज भरपूर. पेशी वाढल्यात, पण त्या सुजेमुळे. आपल्या मनाने वाढणारं काही नाही. आता कारणच गेलंय. हाड हळूहळू भरून येईल."

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग मी तिथेच खुर्चीत बसून रडले. सांगायला लाज कसली? नवरा रडला, ते तो कबूल करणार नाही, म्हणून मी करते. बरणीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले की पिशवी लॅबने मेणात बसवली, कापली, काचांवर चढवली. काचा लॅबमध्येच राहतील. परत द्यायला आता काही उरलेलं नाही.

नवरा घरी चल म्हणाला. मी म्हटलं, नाही, आधी ऑफिस.

साहेबांच्या दालनात भांडारपाल उभे होते, साठा रजिस्टर छातीशी धरून. टेबलावर माझी फाइल. ती आता एकतीस पानांची झाली होती. साहेबांचा चेहरा दमलेला होता. ते म्हणाले की वरिष्ठ कार्यालयाने मालकीबाबत काही कळवलं नाही, कळवणारही नाही, आणि खुलाशावर नेमकं काय लिहावं हे त्यांना सुचत नाही. दोघांनाही ताकीद देऊन प्रकरण मिटवायला ते तयार होते. मी म्हटलं, दोघांना नाही, ताकीद एकीला. ते म्हणाले, ठीक आहे, एकीला. पण फाइल बंद करायची तर शेवटच्या पानावर नग कुठे आहे ते लिहावं लागतं. "नग कुठे आहे, बाई? काहीतरी दाखवा मला."

मी पुढे झाले, टेबलावर दोन्ही हात टेकले, मान वर केली आणि तोंड उघडलं. होईल तेवढं उघडलं आणि बोटाने डावीकडे आत दाखवलं.

साहेबांनी चष्मा शोधला, लावला आणि खुर्चीतून अर्धे उठून आत बघितलं. नाही म्हटलं तरी भांडारपालही वाकले.

"बरीच खोल आहे जागा," साहेब म्हणाले.

मी तोंड मिटलं. "खोल आहे," मी म्हणाले, "पण रिकामी आहे. तसंच लिहा."